त्या दोन दिवसांचे फोटो

इरम्माने दवाखान्याच्या कॉम्प्युटर खोलीच्या खिडकीतून चिठ्ठी आत सरकवली. शांतलिंगने तारीख वाचली, आणि पुढचं नाव वाचायला त्याची नजर लगेच वळेना.

"डाक्टर म्हणले, जुना फोटो काढून द्या," ती म्हणाली.

मागे बाकावर तिचा नवरा नागप्पा घोंगडी मांडीवर घेऊन खोकत बसला होता. मुरुमजवळच्या माळावर मेंढरं राखणारा माणूस. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या छातीच्या सिटीस्कॅनमध्ये डाग दिसला होता. तेव्हाचे डॉक्टर सोडून गेले होते. डाग वाढतोय की तसाच आहे, हे जुना आणि आजचा फोटो शेजारी ठेवूनच कळणार होतं. जुना नसला तर सोलापूरला जाऊन सुईने तुकडा काढून तपासायचा, नाहीतर आणखी तीन महिन्यांनी या, असं नव्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

जुना फोटो नव्हता. शोधायची गरजच नव्हती.

अकरा वर्षं शांतलिंग या दवाखान्याचे सर्व्हर सांभाळत होता. जुन्या इमारतीत एक, नव्या इमारतीत एक. प्रत्येक फोटो, प्रत्येक रिपोर्ट आपोआप दोन्हीकडे ठेवला जाई. एक बंद पडला तरी दुसऱ्यावरून काम चाले. त्या भरवशावर पेशंटला फिल्म देणंही बंद झालं होतं. मग गटाराच्या खोदकामात जेसीबीने मधली केबल तोडली. दोन दिवस दोन्ही सर्व्हर आपापलं वेगळं साठवत राहिले. केबल जोडल्यावर दोघांचं जुळेना. खरी प्रत कोणती, ते माणसाने सांगायचं होतं. बाहेर रांग खोळंबलेली, फोनवर व्यवस्थापक. जुन्या इमारतीतलं आधी बाजूला उतरवून घ्यायला दोन तास लागले असते. शांतलिंगने ते केलं नाही. नव्या इमारतीतलं खरं, असं त्याने ठरवलं, आणि जुन्या सर्व्हरवरचे ते दोन दिवस पुसले गेले. सिटीस्कॅनचं मशीन जुन्या इमारतीतच होतं.

एकेचाळीस पेशंट, त्यात नागप्पाही. यादी करून तो व्यवस्थापकांकडे गेला होता. कुणी विचारलं तर परत काढून देऊ, उगाच बोभाटा नको, असं ते म्हणाले. तोही गप्प बसला.

आता तो खोलीबाहेर येऊन नागप्पाशेजारी बसला.

"मामा, तुमचा फोटो माझ्या हातनं पुसला गेलाय. मशीनचा दोष न्हाय. तुमी सोलापूरला जावा. थांबू नका."

नागप्पाने मांडीवरची घोंगडी खांद्यावर घेतली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि शांतलिंगला तेच सोसेना.

"मेंढरं चाऱ्याला खाली न्यायचीत," नागप्पा म्हणाला. "तीन म्हयनं चालतंय म्हणलेत न्हवं डाक्टर."

शांतलिंगने पुन्हा समजावलं. इरम्मानेही नवऱ्याला दोनदा विचारलं. पण मेंढरांचा वाडा हलवायचा दिवस ठरला होता. दोघं उठून एसटी स्टँडकडे गेले.

त्या दुपारी शांतलिंगने यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. नाव सांगायचा, चूक सांगायचा, परत तपासून घ्या म्हणायचा. कुणी शिव्या दिल्या. भूमहून एका बाईने सांगितलं, ते वारले. चौथ्या दिवशी व्यवस्थापकांनी त्याला लेखी समज दिली. तिच्यावर सही करून तो पुढच्या नंबरकडे वळला.

तीन महिन्यांनी नागप्पा आला तो टेम्पोत झोपूनच. फोटो झाला. डॉक्टरांनी इरम्माला बाजूला घेऊन घरी न्या म्हणून सांगितलं.

ती शांतलिंगच्या खोलीत आली. फोटो दाखवा म्हणाली. त्याने दाखवला. पांढरा डाग लिंबाएवढा झाला होता, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

"ह्यो तरी ऱ्हाईल का, साहेब?"

"ऱ्हाईल, मावशी. दोन्हीकडं हाय."

तिने मान हलवली. तिला जायची घाई दिसत नव्हती. शांतलिंगने आपली खुर्ची तिला दिली आणि तो भिंतीशी उभा राहिला.