एल्वूडचा अख्खा शर्ट

आमच्या शिकारीच्या कॅम्पात चुकलेला नेम लपवता येत नाही. हरणावर बार काढला आणि हरीण पांढरी शेपटी उडवत निघून गेलं, की त्याच दुपारी सगळ्यांसमोर शर्टाचा मागचा तुकडा कापून घ्यायचा. त्यावर नाव, साल, किती पावलांवरून मारलं आणि काय हुकलं, एवढं लिहून तो शेगडीमागच्या भिंतीवर ठोकायचा. १९८७ साली त्या भिंतीवर त्रेचाळीस तुकडे होते. त्यातले सात एकट्या मर्ल केसिंजरचे. त्याची बायको आर्लीन चारचौघांत सांगायची, की माझा नवरा शिकारीला जात नाही, शर्ट फाडायला जातो.

आर्लीनचा थोरला भाऊ एल्वूड स्ट्रेयर याचा मात्र भिंतीवर एकही तुकडा नव्हता. एकतीस हंगाम झाले आणि एकतीस शर्ट अख्खे. तो ते विसरला नव्हता आणि दुसऱ्या कोणाला विसरूही देत नव्हता. हंगामाच्या पहिल्या जेवणाला तो भिंतीसमोर उभा राहायचा आणि एकेक तुकडा मोठ्याने वाचून दाखवायचा. "मर्ल केसिंजर, एकोणऐंशी, चाळीस पावलं, मादी! चाळीस पावलांवर मी टोपी फेकून मारली असती." लोक हसायचे, मर्लही हसायचा. सात तुकडेवाल्याला दुसरं करता तरी काय येतं?

एल्वूडची महती एवढ्यावर संपत नव्हती. चर्चच्या तळघरात बारा वर्षांच्या पोरांना परवान्याआधी जो बंदुकीचा वर्ग घेतात, तो गेली चौदा वर्षं तोच घेत होता. फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहायचा, 'नीट दिसलं नाही तर बोट घोड्यावर नाही.' आणि पोरांना दम भरायचा, "ठिपका दिसला तर तो ठिपकाच समजायचा. त्याला शिंगं आपण चिकटवायची नाहीत!" वाक्य झकास होतं. पोरं ते पाठ करून परवाना मिळवायची.

आता अडचण एवढीच होती, की तीन वर्षांपासून मास्तरांच्या डोळ्यांपुढचं सकाळचं धुकं संध्याकाळपर्यंत हटत नव्हतं. हे धुकं फक्त त्यांच्याच नशिबी आलं होतं, बाकी जिल्ह्यात लख्ख ऊन. रविवारी चर्चमध्ये ते भजनाचं पुस्तक उघडायचे आणि तोंडपाठ गायचे. शिकारीच्या नियमांचं नवं पुस्तक आलं तर कॅम्पचा स्वयंपाकी क्लेट याच्यापुढे सरकवायचे. "तूच वाच, मला त्यात नवीन काय असणार?" लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ राहून जातं, हे प्रवचन त्यांनी त्याच चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून ऐकलं होतं. मान डोलावली होती.

आर्लीनला मात्र संशय आला होता. आदल्या नाताळात तिने भावाला गळ्यात अडकवायची दुर्बीण भेट दिली. "बंदुकीच्या दुर्बिणीतून माणसं बघत जाऊ नकोस एल्वूड. आधी हिच्यातून बघ, मग बंदूक उचल." एल्वूडने आभार मानले आणि दुर्बीण गोठ्यात खुंटीला टांगली. तिथे ती गाईंवर लक्ष ठेवत होती.

आर्लीनची दुसरी काळजी होती टॉयलेट पेपरची. कॅम्पासाठी दर वर्षी ती गुलाबी रंगाचे रोल पाठवायची. आमच्या रानात त्या दिवसांत पांढरं काही फडकवणं म्हणजे हरणाची शेपटी लावून फिरणं. जुन्या लोकांनी तर पांढरे रुमालसुद्धा घरी ठेवलेले. पण त्या वर्षी सामान आणायची पाळी एल्वूडची आली. दुकानात गुलाबी रोल होते. पैसे घेणाऱ्या पोरीसमोर ते काउंटरवर ठेवायची त्याला लाज वाटली. "आम्ही शिकारीला चाललोय, बारशाला नाही," असं म्हणून त्याने पांढरे उचलले. मास्तरच तो, त्याला कोण शिकवणार?

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा सोमवार उजाडला, म्हणजे हंगामाचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद असतात. उघड्या ठेवल्या तरी मास्तर कुठून आणणार? रात्रीतून बोटभर बर्फ पडलं होतं. कॅम्पचा म्होरक्या थर्मन बोव्ह याने जागा वाटून दिल्या. एल्वूड ओढ्याच्या वरच्या अंगाला, मर्ल उतारावर त्याच्यापासून बराच खाली.

"जागा सोडायची नाही," थर्मन म्हणाला. "आणि शिंगं दिसल्याशिवाय बार नाही. यंदा फक्त नर."

"कोणाला सांगतोस?" एल्वूड म्हणाला. "मर्लला सांग. त्याचे शर्ट संपत आले असतील."

"आठवा घालूनच आलोय," मर्ल म्हणाला.

नऊच्या सुमाराला मर्लच्या पोटात क्लेटच्या मिरचीवाल्या राजम्याने उठाव केला. तो जागा सोडून वर सरकला, लॉरेलच्या झुडपांचा आडोसा गाठला. भडक नारिंगी जाकीट ओलं होऊ नये म्हणून त्याने एका मेपलच्या पलीकडच्या बाजूला टांगलं आणि नुसत्या तपकिरी स्वेटरात बसला. मग खिशातून रोल काढला.

सत्तर पावलांवर एल्वूडला झुडपात पांढरं काहीतरी हललेलं दिसलं. खाली तपकिरी. त्याने बंदूक उचलली आणि तिच्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला. धुकं होतंच. त्या धुक्यात पांढरं पुन्हा हललं आणि वर फांद्यांसारखं काहीतरी दिसलं. त्या फांद्याच होत्या, पण एल्वूडने मोजायला सुरुवात केली. दोन, चार, सहा, आठ. आठ टोकांचा नर! बत्तिसावा हंगाम, बत्तिसावा अख्खा शर्ट. त्याने श्वास रोखला आणि घोडा दाबला.

पांढरं गायब झालं. "लागलं!" तो स्वतःशीच म्हणाला आणि टेकडी उतरताना त्याला मस्त वाटत होतं. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं म्हणून आम्हाला ठाऊक आहे.

झुडपाजवळ पोचल्यावर आतून आवाज आला. "एल्वूड! मी आहे रे, मी! परत मारू नकोस!"

मर्ल बर्फात पालथा पडला होता, विजार गुडघ्यांशी, केसांत मेपलच्या सालीचा भुगा. त्याचं डोकं जिथे होतं तिथून वीतभर अंतरावर खोडात भोक पडलं होतं. पांढरा रोल उलगडत उलगडत ओढ्यापर्यंत गेला होता.

एल्वूडच्या हातून बंदूक गळाली. पहिला विचार आला, हा जिवंत आहे. दुसरा आला, आर्लीन. आणि तिसरा आला शर्टाचा. मेव्हणा नागव्या ढुंगणाने बर्फात थरथरतोय आणि आपल्याला शर्ट आठवतोय! इतकी लाज त्याला त्याआधी कधी वाटली नव्हती.

"काय दिसलं तुला?" मर्लने विजार ओढत विचारलं. "सांग ना! काय दिसलं माझ्यात?"

"शिंगं."

"शिंगं?"

"आठ होती. मी मोजली."

मर्ल हसायला लागला. हसता हसता ओकला आणि मग खोडाला पाठ टेकून रडला. एल्वूड शेजारी बसला. त्याने चाचपत चाचपत मर्लच्या केसांतला भुगा काढला, सापडला तेवढा.

"ऐक," मर्ल नाक पुसत म्हणाला. "आर्लीनला हे कळता कामा नये. तुझं तोंड ती बघणार नाही, ते तुझं तू बघ. पण मलाही ती इथे परत पाठवायची नाही. वर्षातला हा एक आठवडा आहे रे मला! नर होता, तुझा नेम चुकला. संपलं."

"मर्ल..."

"चुकलाच ना? देवाच्या कृपेने चुकलाच आहे. मग खोटं काय त्यात?"

तेवढ्यात थर्मन आणि क्लेट दोरी घेऊन वर चढत आले. आमच्याकडे म्हणतात, एक बार म्हणजे हरीण, दोन म्हणजे बघू, तीन म्हणजे घरी जा. एल्वूडचा एक बार ऐकून ते थेट ओढायच्या तयारीनेच आले होते.

"कुठे पडलाय?" थर्मनने विचारलं.

"पडला नाही," मर्ल घाईने म्हणाला. "चुकला. मोठा होता, मी पाहिला ना. असा माझ्या अंगावरून गेला."

क्लेटने आधी एल्वूडकडे पाहिलं, मग दोरी खाली टाकली आणि टोपी काढली. "एल्वूड स्ट्रेयर चुकला! थर्मन, घड्याळात किती वाजले ते बघून ठेव."

दुपारी कॅम्पात सूप कोणी चाखलं नाही. कात्री आधी निघाली. एल्वूडला पाठमोरं उभं केलं आणि थर्मनने लाल चौकड्यांच्या शर्टाचा चांगला हातभर तुकडा कापला. बत्तीस वर्षांचं व्याज म्हणे. लिहायचा मान साक्षीदाराचा, म्हणून मर्लने काळ्या खडूने लिहिलं. हाताने आडोसा करून, भरभर.

"आता वाच," क्लेट म्हणाला. "सगळ्यांचे वाचतोस, स्वतःचा वाच. ठणठणीत आवाजात."

एल्वूडने तुकडा घेतला. खिडकीतून बर्फावरचा स्वच्छ उजेड येत होता. त्याने कापड जवळ धरलं, मग लांब धरलं. लाल चौकडीवर काळे डाग तेवढे होते. ते डाग काय सांगत असणार हे त्याला न वाचताही कळत होतं. मर्ल चांगला माणूस आहे, नरच लिहिला असणार. एवढं एक वाक्य म्हणायचं आणि सूप प्यायचं. शनिवारी तळघरात बावीस पोरं येणार होती.

"एल्वूड स्ट्रेयर," तो म्हणाला. "सत्त्याऐंशी. सत्तर पावलं." त्याने तुकडा खाली घेतला. "मर्ल केसिंजर."

क्लेट हसला. थर्मन हसला नाही, त्याने मर्लच्या केसांकडे पाहिलं. अजून थोडा भुगा होता.

"मी असं लिहिलेलं नाही," मर्ल पुटपुटला. "एल्वूड, मी तसं लिहिलेलं नाही रे."

"काय लिहिलंय ते मला दिसत नाही," एल्वूड म्हणाला. "हा तुकडा दिसत नाही, ती भिंत दिसत नाही. तीन वर्षं मी पाठ म्हणतोय."

क्लेटचं हसू विरलं. शेगडीवर सूप उकळून सांडायला लागलं, तरी कोणी उठेना.

शेवटी थर्मनने एल्वूडची बंदूक खिळ्यावरून काढली, रिकामी केली आणि तिचा बोल्ट, ज्याच्यावाचून बार निघत नाही, तो काढून मर्लच्या हातात दिला. मर्लने तो खिशात टाकला. मग एल्वूडच्या हातातून तुकडा घेतला, शेवटच्या 'नर' या शब्दावर काट मारली आणि त्याखाली स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. इतक्या मोठ्या, की एल्वूडलाही वाचता यावं.

"आर्लीनला कोण सांगणार?" त्याने विचारलं.

"मी," एल्वूड म्हणाला. "गाडी तू चालव."