बॉनेटवरचं पाणी

मेस्त्रीनं बादलीतलं उरलंसुरलं पाणी काळ्या बॉनेटवर ओतलं आणि फडक्यानं पत्रा पुसायला घेतला. वीस मिनिटं चालू ठेवलेलं इंजिन त्यानं नुकतंच बंद केलं होतं. आत सगळं तापलेलं, वरचा पत्रा मात्र हाताला थंडगार.

"झालं?" भाऊजींनी पायरीवरून विचारलं.

"झालं."

"आणि ऐक, ते आले की मी तुला अहोजाहो करणार. हसू नकोस."

मेस्त्री हसला नाही. भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, त्यांनी मोठ्या हौसेनं ही ऐसपैस परदेशी गाडी घेतली ती त्याच्याच शब्दावर. त्या दिवशीही ती अशीच धुऊनपुसून उभी होती. बॉनेट गार लागलं आणि मेस्त्रीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी किल्ली फिरवली, तेव्हा डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज इंजिनातून आला. पाच सेकंद, मग चिडीचूप. टायमिंग चेन सैल पडली होती. तेल वर चढलं की ती ताणली जाते आणि आवाज थांबतो, त्यामुळे गाडी गरम असली की काही कळत नाही. चेन बदलायची तर इंजिन उतरवावं लागतं. नाही बदलली, तर एक दिवस धावत्या गाडीत ती दगा देते आणि इंजिनाचं भंगार होतं.

भाऊजींनी कधी टोमणा मारला नव्हता. सणकून भांडले असते तर बरं, असं मेस्त्रीला दर वेळी त्यांच्या घरी जेवताना वाटायचं. गेल्या आठवड्यात गाडी विकायला काढली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "तूच पास केली होतीस. आता आणखी एकदा पास कर, म्हणजे फिटंफाट."

गिऱ्हाईकानं गाडी तपासायला आपणहून याच मेस्त्रीला फोन केला होता. नातं त्याला ठाऊक नव्हतं, आणि मेस्त्रीनं सांगितलं नव्हतं.

फाटक वाजलं. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला पन्नाशीचा माणूस आत आला, मागोमाग त्याची बायको. अठरा वर्षं त्यानं एका कारखानदाराची अशीच गाडी चालवली होती. मागच्या महिन्यात नोकरी सोडली. आता स्वतःच्या गाडीनं विमानतळाची भाडी मारायची होती.

"अठरा वर्षं मागचं दार उघडून धरलं यांनी," बायको म्हणाली. "मागं बसले मात्र कधी नाहीत."

"आता तू बस. दार मी धरतो, बक्षिशी तेवढी दे."

त्यानं खरंच दार उघडलं. मग बॉनेटवर तळवा टेकवला.

"गार आहे. मेस्त्री, तुमचं सगळे हेच सांगतात बघा. गरम गाडी तपासतच नाहीत म्हणून."

"फार कडक आहेत हो ते," भाऊजी म्हणाले.

मेस्त्री कामाला लागला. बॉनेट उघडून त्यानं फडक्यानं तेलाचं झाकण काढलं आणि तेलात पाणी शिरल्याचा सायीसारखा थर आत धरलाय का, ते ड्रायव्हरला लांबूनच दाखवलं. धरला नव्हता. गुडघे टेकून गिअरबॉक्सच्या खाली बोटं फिरवली; बोटं कोरडी. चारही कोपरे दाबून पाहिले.

"मागचा डावा शॉक ॲब्सॉर्बर गळतोय," तो मोठ्यानं म्हणाला. "बदलावा लागेल."

"बघा," ड्रायव्हर खूश होऊन बायकोला म्हणाला, "आपल्याला कळलं असतं का हे?"

मेस्त्रीनं नजर खाली वळवली. बारीकसं खरं सांगितलं की मोठं खोटं खपतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या उघड्या दाराखाली, फरशीवर, बायकोच्या चपला होत्या. आत बसण्याआधी तिनं त्या काढून जोडीनं नीट लावल्या होत्या. एकीचा अंगठा नव्या दोऱ्यानं शिवलेला.

ड्रायव्हर किल्ली घेऊन स्टिअरिंगमागं बसला. "करू चालू?"

मेस्त्री चपलांकडे पाहत राहिला.

"मेस्त्री?"

"थांबा. जरा खाली उतरा."

ड्रायव्हर उतरला. मेस्त्रीनं त्याचं मनगट धरलं, उघड्या बॉनेटखाली हात आत नेला आणि रबरी पाइपवर टेकवला. ड्रायव्हरनं हात झटकन मागं ओढला.

"अहो, काय झालं?" बायको आतून म्हणाली.

ड्रायव्हरनं बोटं चोळली. पत्र्याकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग ओल्या फडक्याकडे.

"पाणी कुणी ओतलं?"

"मी."

"अहो मेस्त्री—" भाऊजी पायरीवरून उठले.

"किल्ली तुमच्याकडेच राहू द्या," मेस्त्री ड्रायव्हरला म्हणाला. "एकच आहे, म्हणजे आधी कुणी गाडी तापवणार नाही. उद्या सकाळी सातला या, स्वतः चालू करा. पहिले पाच सेकंद कान देऊन ऐका. मग काय ते ठरवा."

"तुम्ही नाही येणार?"

"दुसरा कुणी मेस्त्री आणा. हे माझे भाऊजी आहेत."

ड्रायव्हरनं किल्ली खिशात टाकली आणि बायकोला उतरायची खूण केली. बायको खाली उतरली, चपला पायात सरकवल्या. या वेळी दार तिनं स्वतःच लावलं, अगदी हलक्या हातानं. दोघं फाटकाबाहेर गेली.

मेस्त्रीनं बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. भाऊजी पायऱ्या उतरून शेजारी येऊन उभे राहिले. आता ते तोंड सोडतील म्हणून तो वाट पाहत होता. त्याला ते हवंच होतं.

"दोन वर्षांपूर्वी," भाऊजी शांतपणे म्हणाले, "माझाही हात असाच आत घालायचा होतास रे."

ते घरात गेले. मेस्त्रीनं बॉनेटवरचे तळवे उचलले नाहीत. आतली धग आता पत्र्यापर्यंत चढत होती.