नंदकुमारांची ओव्हरलँड

नंदकुमार कर्णिकांना जाऊन दीड महिना झाला होता, तेव्हा घाटकोपरच्या घरी त्यांच्या नावाचं पोस्टकार्ड आलं. 'साहेब, बरेच दिवस आला नाहीत. गाडी तयार आहे. येऊन बघावी. दशरथ मिस्त्री, साकीनाका.'

त्यांच्या पत्नीने, वसुधाबाईंनी, ते दोनदा वाचून धाकट्या दिरापुढे धरलं.

"दुसऱ्या कुणाचं असेल, वहिनी," विद्याधर म्हणाला. "दादाकडे साधी सायकल नव्हती."

पण नाव बरोबर होतं, पत्ताही. रविवारी दोघं साकीनाक्याला गेली.

पत्र्याच्या शेडमधून दशरथ हात पुसत बाहेर आला. साहेब गेल्याचं कळल्यावर त्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग आत जाऊन त्याने ताडपत्री ओढली. उघड्या टपाची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची जुनी अमेरिकन मोटार होती.

"ओव्हरलँड. सन तेवीसची. भंगारात निघालेली. साहेबांनी चार वर्षं दर शनिवारी येऊन उभी केली. नट-बोल्टसुद्धा स्वतः घासायचे."

"शनिवारी त्यांना ऑफिसात जादा काम असायचं," वसुधाबाई म्हणाल्या. घरी फ्यूज उडाला की शेजारच्यांना हाक मारणारा हा माणूस.

"तुमच्यासाठीच चाललं होतं ना सगळं. तिला मोटारीचं भारी वेड, म्हणायचे."

"मला तर बसमध्येसुद्धा मळमळतं, मिस्त्री. कुणाबद्दल बोलायचे ते? नाव सांगितलं होतं?"

विद्याधर जमिनीकडे बघू लागला. त्याच्या मनात काय आलं ते वसुधाबाईंना कळलं, कारण त्यांच्याही मनात तेच आलं होतं.

दशरथ गोंधळला. "नाव कशाला सांगतील? बायको म्हणायचे. लग्न लागल्यावर मोटारीतून निघालात, तर गिरगावापासून दादरपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर डोकं काढून बसला होतात म्हणे. एवढी खूश ती परत कधी दिसली नाही, असं म्हणायचे."

वसुधाबाईंनी मडगार्डला हात टेकला.

"ओकारी येत होती मला," त्या हळू म्हणाल्या. "शालू खराब होऊ नये म्हणून डोकं बाहेर काढलं होतं."

"तू कधी सांगितलं नाहीस दादाला?"

"त्यांनी कुठे विचारलं? अठरा वर्षं झाली रे."

दुसरी कुणी नव्हती म्हणून त्यांना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. मग चार वर्षांच्या खोट्याचा राग आला, आणि तो नीट येईना.

"मढला शूटिंगवाले अशी गाडी मागतायत," दशरथ म्हणाला. "देऊ?"

"आधी चालवून दाखवा."

हँडल मारल्यावर गाडी धडधडत सुरू झाली. वसुधाबाई पुढे बसल्या, विद्याधर मागे. पहिल्याच वळणावर पोटात ढवळलं. दशरथने गाडी थांबवली, त्या उतरून कडेच्या दगडावर बसल्या आणि विद्याधरने पाणी आणून दिलं.

"आपण चालत जाऊ, वहिनी."

त्या उठल्या आणि पुन्हा गाडीत जाऊन बसल्या. "इतक्यात कुणाला देऊ नका, मिस्त्री."

त्यानंतरचे सात रविवार त्या साकीनाक्याला जात राहिल्या. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत अर्धा तास बसायच्या. दशरथ आपलं काम करत राहायचा. आठव्या रविवारी त्यांनी गाडी शूटिंगवाल्यांना द्यायला सांगितली.

"मग काय ठरवलंस एवढे दिवस बसून?" विद्याधरने विचारलं.

"काही नाही रे. वाटलं होतं, कळेल काहीतरी."