तव्यावरची भाकर

लोक देवाकडं पोरं मागतात, पीकपाणी मागतात, कुणी कुणी तर शेजाऱ्याची म्हैस आटावी म्हणूनही नवस बोलतात. धाड गावच्या गोजरबाईनं उभ्या जन्मात एकच गोष्ट मागितली, अन् तीही देवाकडं नाही, मैत्रिणींकडं. तव्यावरची गरम भाकर! बसल्या जागी, दुसऱ्याच्या हातची, फुगलेली असतानाच.

ही काय मागायची गोष्ट झाली, असं कुणी म्हणेल. म्हणणारा पुरुषच असणार, दुसरं कोण! तेराव्या वर्षी गोजरा उत्तमरावांची बायको होऊन नांदायला आली, त्याला तेहतीस वर्षं झाली. घरात भाकरी रोज गरमच निघायच्या. पण आधी सासरा, मग नवरा, मग दीर, मग पोरं, मग गडी. तिच्या ताटात येईस्तोवर भाकरीचं पार चामडं व्हायचं. पुढं सून आली, रुख्मिणी, मोठी गुणाची. मग सून थापायची, गोजरबाई वाढायची आणि सगळ्यांमागून दोघी गार भाकर मोडत बसायच्या. रीतच तशी होती, तिच्यावर कुणी कधी बोललं नाही.

शेवटची गरम भाकर तिनं खाल्ली होती नवव्या वर्षी, माहेरी मोताळ्याला, बालमैत्रीण चांगुणाच्या मायच्या चुलीपुढं. चांगुणाचं घर वेशीबाहेर. तिकडं पाऊल टाकायचं नाही, असा गोजराच्या घरचा दंडक. गोजरानं पाऊल टाकलं, भाकर खाल्ली, घरी येऊन मार खाल्ला आणि वरून थंडगार पाण्यानं अंघोळ! माराचे वळ चार दिवसांत गेले. भाकरीची चव मात्र जिभेवरून हटली नाही.

ती चांगुणा आता मेहकरच्या दवाखान्यात नर्स होती. पांढरं पातळ, मनगटाला घड्याळ आणि आवाज असा की भलेभले पेशंट गपगुमान औषध प्यायचे. तिसरी मैत्रीण पंचफुला, सुलतानपूरला दिलेली. तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही. महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मोताळ्याच्या एका लग्नात तिघी भेटल्या. बोलता बोलता गोजरबाईनं मनातली भाकर सांगितली. पंचफुला हसून हसून आडवी झाली. चांगुणा हसली नाही.

"शनिवारची मी रजा टाकते, रविवार सुट्टीच हाय," ती म्हणाली. "पंचफुलाची गाडी जुंपू, लोणारले जाऊ. रस्त्यात चूल मांडू. भाकरी मी थापते. तू निस्ती बसून खाय."

माघातल्या एका शनिवारी सुलतानपुराहून बैलगाडी निघाली. हाकायला पंचफुलाचा दीर पुंजाजी, मोठा गरीब माणूस. तीन बायांच्या बडबडीपुढं त्यानं सकाळीच हात टेकले होते. दोन्ही बाजूंनी जवारी उभी, हरभरा घाट्यांवर आलेला. गोजरबाई गाडीत पाय पसरून बसली होती. असं पाय पसरून बसल्याचं तिला आठवतच नव्हतं, अन् तिला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

नाल्याकाठी लिंबाखाली गाडी सोडली. तीन दगड मांडले, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, निखाऱ्यात वांगी भाजून भरीत झालं. चांगुणानं काठवटीत पीठ मळलं, सहा भाकरींचं. गोजरबाईला चुलीपुढं पाटलिणीसारखं बसवलं. पहिली भाकर टम्म फुगली. चांगुणानं ती गोजरबाईच्या हातावर ठेवली.

आणि बाई उठली! उठून तरातरा गेली अन् भाकर पुंजाजीच्या ताटात वाढून आली.

"अवं, हे काय?" चांगुणा ओरडली.

"गडीमाणूस उपाशी बसला हाय, अन् मी कशी खाऊ?"

दुसरी निघाली. "एका भाकरीनं भाऊजीचं काय होते?" म्हणत ती पंचफुलानं नेली. तिसरीच्या वेळी रस्त्यानं एक म्हातारा कासार बांगड्यांची पेटी घेऊन चालला होता. गोजरबाईनं त्याला स्वतः हाक मारून बसवलं. चौथीही त्यालाच. म्हातारं माणूस, नाही कसं म्हणावं! पाचवी परत पुंजाजीकडं.

"वहिनी, मी नाई नाई म्हणून राह्यलो, अन् ताटात भाकरीवर भाकर पडून राह्यली हो!" पुंजाजी काकुळतीला आला.

चांगुणानं काठवट तिरपी करून दाखवली. तळाशी एकच गोळा उरला होता. गोजरबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. इतकी वर्षं मनात धरलं, समोर आलं, अन् आपल्याच हातांनी वाटून टाकलं. खोड मेली ती!

चांगुणानं शेवटची भाकर थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "गोजरा, हात मागं धर."

"काऊन वं?"

"धर म्हणते ना! पंचफुला, पकड तिचे हात. सोडू नको."

पंचफुलानं पदरानं तिचे हात पाठीमागं चक्क बांधलेच. भाकर फुगली. चांगुणानं ती मोडली, वाफ निघाली, भरीत लावलं आणि घास सरळ गोजरबाईच्या तोंडात.

"माय वं! भाजलं!" गोजरबाई ओरडली, हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तीच चव होती. "ही तुह्या मायच्या हातची हाय वं, चांगुणा."

"माय मरेपर्यंत विचारे," चांगुणा म्हणाली, "थे गोजरा परत काऊन नाई आली?"

"मारलं होतं वं मले."

"तिले माहीत होतं. तरी विचारे." चांगुणानं दुसरा घास केला. "आता आ कर."

त्या एका भाकरीत तिघी जेवल्या, भरिताचं पातेलं पुसून खाल्लं आणि पोट दुखेपर्यंत हसल्या. लोणारचं तळं पाहिलं, देवीचं दर्शन झालं, पण घरी येऊन गोजरबाईनं त्यातलं काही सांगितलं नाही.

सोमवारी संध्याकाळी धाडला रुख्मिणी भाकरी थापत होती. उत्तमराव ताट घेऊन बसले होते. पहिली भाकर फुगली, रुख्मिणीनं ती सवयीनं सासूच्या हातावर ठेवली. उत्तमरावांनी ताट पुढं सरकवलं. गोजरबाई त्यांच्याकडं वळली आणि अर्ध्यावरच थांबली. मग मागं फिरून चुलीपाशी खाली बसली.

"रुख्मा, हात मागं धर."

पोरगी घाबरली. "आत्याबाई, काय चुकलं माह्यं?"

"तुह्यं नाई, माह्यं चुकलं. चार वर्षं झाली, तुले गार वाढून राह्यली मी. आ कर."

"अवं, अन् माही भाकर?" उत्तमराव म्हणाले.

"तव्यावर हाय," गोजरबाई सुनेच्या तोंडात घास घालत म्हणाली. "थांबा जरा."