चौथी नस

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. हसू नका! कौतुक नेहमी समोरच्या दातांचं होतं, फोटोत तेच चमकतात. आम्ही मागे अंधारात बसून दळण दळायचं, एवढंच आमच्या नशिबी. तरीही आज रायपुरातल्या एका दंत महाविद्यालयात नवे विद्यार्थी आले की आधी मला बघतात. हा मान मला कसा मिळाला ते सांगते, पण त्यात माझ्यापेक्षा विमलाबाईंनी जास्त सोसलं आहे.

मी गोंदियाला उगवले, विमला सहा वर्षांची असताना, वरच्या जबड्यात डाव्या बाजूला. उजवीकडे माझी जुळी बहीण आली. सहाव्या वर्षाची ही दाढ कोणताच दुधाचा दात न पाडता गुपचूप मागून येते, म्हणून घरच्यांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच. मला कीड लागली तेव्हा विमलाची आई म्हणाली, "राहू दे, पडनारच हाय ते." अहो, आम्हाला दुसरी पाळी नसते! एकदा यायचं आणि जन्मभर पुरायचं.

तरी मी पुरले. विमला लग्न होऊन रायपूरला आली, सरकारी कार्यालयात लागली. तिचे यजमान बाबाराव रेल्वेत होते. तीजा-पोळ्याच्या सणाला शेजारणी ठेठरी आणून द्यायच्या, बेसनाची तळलेली, दगडासारखी कडक. मी ती कडाकड फोडायची. "आमच्या विमलच्या दाढा म्हंजे जातं हाय," असं बाबाराव चारचौघांत सांगायचे, आणि मला बाई, आतून फार बरं वाटायचं.

मग नवं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी झाली. काही वर्षांनी विमलाबाईंचं कार्यालय शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपुरात गेलं. त्या लांबलचक बसच्या प्रवासात एक दिवस मी ठणकू लागले. कीड आत पोचली होती.

दाताच्या मुळात आत बारीक नळी असते, तिला इकडे लोक 'नस' म्हणतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, चार बैठकांत काम केलं आणि म्हणाले, "तीन नसें थीं, तीनों मार दी हैं. अब दर्द नहीं होगा." माणूस वाईट नव्हता. जेवढं दिसलं तेवढं त्याने मन लावून केलं.

पण मी दुखतच राहिले. विमलाबाई पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एखादी नस राहून गेली असन." डॉक्टर हसले. घरी तर विचारूच नका. लेक मंजिरी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी. ती म्हणाली, "मम्मी, वहम है आपका." आणि बाबाराव म्हणाले, "मेलेला दात दुखते काय कधी? तू उगाच मनात घेऊन राह्यली." वर्षभर हेच चाललं. पुढे पुढे बाई स्वतःलाच विचारू लागल्या, खरंच दुखतं की आपल्याला वेड लागलं? मी तोंडातच होते, पण मला कुठे बोलता येतं! बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं, की बाई खरं बोलते आहे.

शेवटी मला उपटलं. ट्रेमध्ये पडलेल्या मला विमलाबाईंनी कागदात गुंडाळलं. "माह्या अंगातली वस्तू हाय, कचऱ्यात कायले टाकू?" घरी एक जुनी कुंकवाची डबी होती, तिच्यात मला ठेवलं. दोन वर्षं मी तिथे पडून होते. डबी उघडायला कोणी आलं नाही.

मग उजवीकडची माझी बहीण दुखू लागली. या वेळी विमलाबाईंनी घरात एक अक्षर काढलं नाही. सुटी टाकली, एकट्या दंत महाविद्यालयात गेल्या आणि खुर्चीत बसताच म्हणाल्या, "काढून टाका."

समोर निवेदिता होती. रायपूरच्याच तात्यापारा वस्तीतल्या जुन्या मराठी घरातली मुलगी, इथेच पुढचं शिक्षण घेत होती. दाढांची मुळं आतून कशी असतात, याचा थ्री-डी चित्रांवरून अभ्यास करणं हेच तिचं काम होतं. तिने एक्स-रे पाहिला. त्यात तीनच नसा दिसत होत्या. "काकू, ही वाचू शकते. काढायची घाई काहून करता?"

"डावीवाली बी वाचनार होती," विमलाबाई म्हणाल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कोणाला तरी सगळं सांगितलं. निवेदिता हसली नाही. तिने विचारलं, "ती दाढ कुठे आहे?"

"डबीत हाय न, कुंकवाच्या."

"मग आणा, काकू. दोन्ही बाजूंच्या दाढा पुष्कळदा एकसारख्या असतात. मले आठ दिवस द्या, तोवर ही काढू नका."

मी लालभडक होऊन तिच्या हातात पडले. आधी तिला ते रक्तच वाटलं. धुऊन, मेणाच्या गोळ्यात रोवून तिने मला मशीनमध्ये उभं केलं. एक्स-रे म्हणजे भिंतीवरची सावली. दोन माणसं एकामागे एक उभी राहिली की सावली एकच पडते. हे मशीन तसं नाही. ते माझ्याभोवती फिरलं, आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तसे संगणकाने माझे काप पाडले, तेही सुरी न लावता. निवेदिता एकेक काप खाली उतरत गेली. तीन पांढरे ठिपके, भरलेल्या नसांचे. आणि गालाकडच्या मुळात, एका ठिपक्याच्या मागे, केसाएवढी काळी रेघ.

तिने तिच्या सरांना, डॉक्टर यज्ञेश्वरांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "आहे. चौथी आहे. ही कोणी उघडलीच नाही."

आठव्या दिवशी विमलाबाईंना ते चित्र दाखवलं. मी संगणकाच्या पडद्यावर हळूहळू फिरत होते. निवेदिताने त्या रेघेवर बोट ठेवलं. "काकू, तुमी बरोबर होता. एक नस राहून गेली होती."

विमलाबाई खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे दुखत होतं न?"

"हव काकू, दुखत होतं."

पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. दाढ गेली म्हणून नव्हे, मित्रांनो. आपला शब्द खोटा पडला, हे त्या तीन वर्षं गिळून बसल्या होत्या.

माझ्या बहिणीच्या मुळात निवेदिता आणि सरांनी नेमकी त्याच जागी चौथी नस शोधली, साफ केली, भरली. ती आजही विमलाबाईंच्या तोंडात आहे. पण त्याआधी बाईंनी एकच अट घातली होती, "यायले बोलवा. यायनं हे डोळ्यानं पाहावं."

बाबाराव आले. पडद्यासमोर उभे राहिले. रेल्वेत जन्म गेलेला मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी हळूच बोलला. "मीच म्हनलो होतो, मेलेला दात दुखत नाही," ते म्हणाले. "विमल, माहं चुकलं." विमलाबाईंनी शेजारची खुर्ची यजमानांकडे सरकवली.

मला त्यांनी महाविद्यालयालाच देऊन टाकलं. बाटलीवर चिठ्ठी लावताना निवेदिता म्हणाली, "नाव नाही लिहीत काकू, फक्त नंबर असतो."

"नाव नको," विमलाबाई म्हणाल्या. "पन दुखत होती, हे लिही."

तर मित्रांनो, दात घासा, कीड लागली तर लवकर दाखवा, हे तर मी सांगेनच. पण माझं मागणं त्याहून मोठं आहे. कोणी दुखतं म्हणालं, तर आधी वहम म्हणू नका. एकदा नीट बघा, आणि दिसलं नाही तर दुसऱ्या बाजूने बघा. आमच्या कपाटात चाळीस बाटल्या आहेत, सगळ्यांवर नुसते नंबर आहेत. माझ्या बाटलीवर नंबराखाली निळ्या शाईत दोन शब्द आहेत: दुखत होती.