पाच ते साडेपाच, रेश्मा

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. पण जन्माने शाळेची नव्हे, कंपनीची. हिंजवडीत नोकरीला लागणाऱ्याला पहिल्या दिवशी एक सॅक, एक पाण्याची बाटली आणि बरीचशी आशा देतात. बाटली लवकर गळू लागते. मी टिकले. माझ्यावर छापलेल्या नावाची कंपनी आता दुसऱ्याच नावाने चालते, पण कपाळावर लिहिलेलं कुणाला पुसता येतं?

माझे पहिले मालक मनीष. मूळचे परभणीकडचे, जवळच्याच नेरे गावात वाल्मीकअण्णांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे. त्यांचा लॅपटॉप आणि डबा मी इमानाने वाहिला. पुढे कंपनीने त्यांना नवी सॅक दिली आणि मला वाटलं, आता माळ्यावर निवृत्ती. पण त्यांची मुलगी क्षितिजा नववीत गेली होती. मला धुतलं, गच्चीत वाळवलं आणि तिच्या खांद्यावर चढवलं. आमच्या भागात कुठल्याही शाळेबाहेर उभे राहा, निम्म्या पोरांच्या पाठीवर बापाची कंपनी दिसेल.

लॅपटॉपच्या कप्प्यात क्लासची जाडजूड पुस्तकं आली. डब्याशेजारी कबड्डीचे बूट आले. वरच्या कप्प्यात कुणाच्या तरी वाढदिवसाची भेट नेहमीच चेपत पडलेली असे. एवढं ओझं मला कंपनीनेही दिलं नव्हतं.

तळमजल्यावर रेश्मा राहायची, वाल्मीकअण्णांची मुलगी. क्षितिजाच्याच वर्गात, तिच्याच संघात. दोघी मिळून साखळी धरत. कबड्डीत चढाई करणारा आत आला की दोन खेळाडू हात धरून त्याला घेरतात. एकीने झेप घ्यायची, दुसरीने तिच्याबरोबर सरकायचं. "पाय म्या धरते," रेश्मा सांगायची, "तू फकस्त मला धर." पुस्तकांत तिचं मन रमत नसे. खेळातून पोलिसात भरती व्हायचं, एवढं तिचं ठरलेलं होतं, आणि अण्णांनीही कुरकुरत का होईना, मान डोलावली होती.

पहिल्या चाचणीत क्षितिजाचे गुण घसरले. मनीष हा कामाचा माणूस. अडचण दिसली की ते ती कॅलेंडरमध्ये बसवतात. त्यांनी मुलीच्या फोनमध्ये तिचा आठवडा रंगवून दिला. अभ्यास निळा, खेळ हिरवा, मैत्रिणी पिवळ्या. प्रत्येक रंगाला गजर. हे त्यांनी मायेपोटी केलं, हे सांगायलाच हवं. बारावीसाठी त्यांना स्वतःला व्हॉलीबॉल सोडावा लागला होता. मुलीला काहीच सोडावं लागू नये, असं त्यांना वाटे. त्या घरात कुणालाच काही सोडायचं नव्हतं. दुखणं तिथेच होतं.

तालुक्याच्या स्पर्धेआधी सरावाचा सामना होता. त्या दिवशी क्लासमधली परीक्षा लांबली. क्षितिजा धावतपळत मैदानावर आली, मला कुंपणाला अडकवलं आणि अंग मोकळं न करताच आत उतरली. डोक्यात चुकलेलं गणित घोळत असावं, कारण हात धरल्यावरही तिचे ओठ हलत होते. चढाई आली. रेश्माने घोट्याकडे झेप घेतली आणि क्षितिजाची बोटं सुटली. मला धूळ दिसली. धूळ खाली बसली तेव्हा रेश्मा गुडघा धरून आडवी झालेली होती.

डॉक्टर म्हणाले, लिगामेंट फाटलंय. या वर्षी खेळ बंद.

क्षितिजाला लगेच भेटायला जायचं होतं. पण हिरव्यात नवी जोडी जमवायची होती, निळ्यात परीक्षा होती. रोज मला पाठीवर घेऊन ती त्या दारावरून जायची, चपला न वाजवता. जेवणही कमी झालं. ते मनीषच्या लक्षात आलं आणि रात्रीतून कॅलेंडरमध्ये एक नवी पिवळी पट्टी आली. रविवार, पाच ते साडेपाच, रेश्मा.

त्या रविवारी आम्ही वेळेवर गेलो. पुढे क्लास होता म्हणून मीही बरोबर. रेश्मा पलंगावर होती, पाय उशीवर. संघातल्या गोष्टी निघाल्या. तिच्या जागी आरोहीला घेतलं होतं. आरोहीचे हात इतके घामेजतात की साखळीपेक्षा साबण बरा, असं क्षितिजा म्हणाली आणि दोघी हसल्या. मग रेश्माचा आवाज खाली आला.

"फुडल्या वर्साचंबी काय सांगता येत न्हाई म्हनत्यात. आन् अण्णा म्हनत्यात का..."

माझ्या पोटात गजर वाजला. फोन पुस्तकांखाली गेलेला. क्षितिजा चाचपडत राहिली आणि तो वाजत राहिला. अखेर बाहेर निघाला तेव्हा पडदा रेश्माच्याच बाजूला होता. वर पिवळ्यात तिचं नाव, खाली निळ्यात भौतिकशास्त्र.

"जा," रेश्मा म्हणाली. "टाइम झाला तुजा."

"तसं नाही गं."

"मंग कसं हाय? मलाबी तासावर लावली व्हय?"

क्षितिजा उठली. खोटं कशाला सांगू, ती उठली, मला खांद्यावर टाकलं आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. क्लासला सोडायला मनीष गाडीची किल्ली घेऊन खाली उतरत होते. तिने वर पाहिलं नाही.

"बाबा, हात माझा सुटला होता. मी तिला अजून सांगितलेलं नाही."

मनीषनी फोन काढला. मला वाटलं, आता हे रिकामी वेळ शोधणार. त्यांनी सवयीने विचारलंही, किती वेळ लागेल. माहीत नाही, ती म्हणाली. त्यांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, फोन खिशात घातला आणि तिच्या खांद्यावरून मला उतरवून घेतलं.

ती आत गेली. दार लागलं. मनीष पायरीवर बसले आणि मी त्यांच्या मांडीवर राहिले. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मध्येच रडणं ऐकू आलं, ते एकीचं की दोघींचं तेही कळलं नाही. क्लास बुडाला. इमारतीमागे अण्णांच्या गोठ्यात म्हशींच्या धारा काढून झाल्या, तरी दार उघडलं नव्हतं.

रेश्मा पुन्हा खेळेल की नाही, हे आजही कुणी सांगू शकत नाही. क्षितिजाने रविवारचा क्लास सोडला आहे. गुण थोडे कमी पडतील, असं घरात बोलून झालंय.

मित्रांनो, सॅक झेपेल एवढीच भरा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं निराळं आहे. कुणाचं दुखलंखुपलं विचारायला जाल, तेव्हा मला आत नेऊ नका. जिन्यात ठेवा, चपलांशेजारी ठेवा. मला कितीही वेळ थांबता येतं.