अकरा बेचाळीसचा संपर्क

“हे नको लिहूस,” म्हणत मीटरवाल्यांनी लॉगच्या वहीवर पंजा ठेवला. बायकोचं पेन हवेतच थांबलं.

टेकडीच्या माथ्यावर घडीच्या दोन खुर्च्या, गळाच्या काठीला ताणून बांधलेली तार आणि दगडावर दूरच्या माणसाशी बोलता येणारा डब्याएवढा रेडिओ. मीटरवाले बोलायचे, बायको लिहायची: वेळ, समोरच्याचा कॉलसाइन म्हणजे रेडिओवरचं नाव, आवाज किती स्पष्ट. जन्मभर लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेच्या मीटरचे आकडे टिपलेला माणूस निवृत्तीनंतर स्वस्थ बसेल असं तिला वाटलं होतं. तो डोंगरावर जाऊन आकडे टिपू लागला.

पंजा ठेवण्याचं कारण समोरच्या डोंगरावर होतं. तिथून हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचे अध्यक्ष बोलत होते. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलत राहायची सवय त्यांनी क्लबातही आणली होती. सहा वर्षांपूर्वी भर सभेत त्यांनी मीटरवाल्यांचं लॉगबुक दोन बोटांत धरून विचारलं होतं, की परवाच्या वादळात एवढे संपर्क डोंगरावरून झाले की घरच्या गॅलरीतून? बायको उठून म्हणाली होती, की काठी धरून मी स्वतः तिथे उभी होते.

“वहिनी, तुम्ही दुसरं काय सांगणार?” डॉक्टर गोड हसले होते. सभाही हसली. संपर्क रद्द झाले. तेव्हापासून मीटरवाले दाढ दुखली तरी दोन बस बदलून दुसऱ्या डॉक्टरकडे जात.

आज डॉक्टरांचा शंभरावा डोंगर होता. नियम साधा: डोंगर नावावर लागायला माथ्यावरून चार संपर्क हवेत आणि प्रत्येक संपर्क दोन्हीकडच्या लॉगमध्ये सापडायला हवा. एकीकडे नसेल तर तो झालाच नाही. डॉक्टरांचे तीन झाले होते, बॅटरी आचके देत होती आणि ते केव्हाचे ‘कुणी आहे का’ करत होते. गप्प बसणं सोपं होतं. पण मग त्यांनी आणखी कुणाला तरी गाठलं असतं. म्हणून मीटरवाल्यांनी अगत्याने उत्तर दिलं, आवाजाचा आकडा दिला, घेतला, वर अभिनंदनही केलं.

“देवासारखे भेटलात हो,” डॉक्टर धापा टाकत म्हणाले. “वहिनींना नमस्कार सांगा.” आणि बॅटरी संपली.

“अकरा बेचाळीस,” बायको घड्याळ बघून म्हणाली.

“तू ऐकलंस काही?”

तिने समोरच्या डोंगराकडे बघितलं. “वारा फार होता,” म्हणाली आणि तिने पेनाला टोपण लावलं.

गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

महिन्याभराने निकाल लागला. डॉक्टर नव्व्याण्णववर. शंभरच्या ढालीवर आधीच नाव कोरून घेतलेल्या डॉक्टरांचा फोन आला; चुकून राहिलं असेल, जरा बघता का, असं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच अदबीने विचारलं. मीटरवाल्यांनी फोनपाशी वर्तमानपत्राची पानं उलटली.

“नाही हो.”

“अहो, पण तुम्ही स्वतः बोललात माझ्याशी.”

“माझं काय घेऊन बसलात डॉक्टर? तोंडी साक्ष चालत नाही, वहीत हवं. तुम्हीच शिकवलंत.”

त्या दिवशी दोघं पोटभर जेवली.

वर्ष संपताना लॉगबुक क्लबात जमा करायचं असतं. शेवटच्या पानावर छापील ओळ आहे, ‘वरील नोंदी खऱ्या व पूर्ण आहेत’, आणि खाली सहीची जागा. इतकी वर्षं मीटरवाले उभ्या उभ्या सही करून मोकळे व्हायचे. यंदा ते खुर्ची ओढून बसले. चहा निवला.

“करा की,” बायको म्हणाली.

त्यांनी केली. मग तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि वही आपल्याकडे वळवली. दुसऱ्या सहीला जागा नव्हती. तिने आपली समासात, उभी केली.